सकाळचं माप, संध्याकाळचं माप

पंचवटीत गेली तीस वर्षं मी ब्लाउज शिवते. माप द्यायला आलेली बाई आरशासमोर हात वर करून उभी राहिली की हमखास विचारते, "ताई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किती दिवसांत चालायला लागलात हो?" पूर्वी मी बेधडक सांगायचे, "दुसऱ्या दिवशी." खोटं नव्हतंच ते. पण गल्लीतल्या एक काकू त्या उत्तरावर विसंबून राहिल्या, त्यांचंही ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या आठवड्यात फोनवर रडवेल्या झाल्या. "तू दुसऱ्या दिवशी चाललीस, मला अजून संडासला जाताना वॉकर लागतो. माझंच काय बिघडलं?" काहीच बिघडलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात वॉकर मीही धरतच होते, तेवढं सांगायचं राहिलं होतं. तेव्हापासून घाईत उत्तर देत नाही. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

आधी माझा गुडघा अर्धाच का बदलला ते. गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतल्या बाजूचा, बाहेरचा आणि वाटीमागचा. माझ्या डाव्या गुडघ्याचा फक्त आतला कप्पा झिजला होता. उभं करून काढलेल्या एक्स-रेत तिथे हाडाला हाड टेकलेलं दिसत होतं, बाकी दोन्हीकडे फट शाबूत. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे आतले पट्टे, म्हणजे लिगामेंट, तेही धड होते. डॉक्टर म्हणाले, एवढ्यासाठी सगळा सांधा काढायला नको. मला ते लगेच पटलं. अस्तर एका बाजूला विरलं म्हणून कोणी अख्खा ब्लाउज टाकत नाही. वरच्या हाडाला धातूची टोपी, खालच्या हाडावर धातूची चकती आणि मध्ये प्लॅस्टिक, एवढंच बसवलं. याची दुसरी बाजूही त्यांनी सांगितली होती, आणि ती मी प्रत्येकीला सांगते. उरलेले कप्पे पुढे झिजू शकतात, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता पूर्ण बदललेल्या गुडघ्यापेक्षा यात जास्त असते. ज्यांचा सगळाच गुडघा झिजलाय त्यांनी माझं बघून "आम्हालाही अर्धाच हवा" असा हट्ट धरू नये.

खर्चाचंही विचारतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या, पण बिलात सांध्याशिवाय बरंच काही असतं. खोली, भूल, औषधं, फिजिओ हे सगळं आधी लिहून मागा.

ऑपरेशन पौषात केलं. पौषात लग्नं नसतात, शिलाई कमी असते. त्याच संध्याकाळी वॉकर धरून पलंगाशेजारी उभं केलं, दुसऱ्या दिवशी दारापर्यंत चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी. जखमेवर धाग्याचे टाके नव्हते, पिना होत्या. ओळीने, सारख्या अंतरावर मारलेल्या. मी मुद्दाम निरखून बघितल्या, काम सुबक होतं. दोन आठवड्यांनी त्या काढल्या.

आता मापाचं. पाचव्या दिवशी ड्रेसिंग हलकं केलं तेव्हा गुडघा बघून मी घाबरलेच, डांगर झाला होता नुसता. सवयीने गळ्यातली टेप हातात आली. वाटीच्या मधोमध धरून माप घेतलं: सतरा इंच. उजवा साडेचौदा. मापांची वही उघडली आणि गिऱ्हाइकांच्या छाती-कमरेखाली माझा गुडघा लिहून ठेवला. पुढे रोज दोनदा लिहायला लागले, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं. फिजिओने वही पाहिली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "काकू, हे चालू ठेवा. संध्याकाळी वाढलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर आदल्या दिवशी जास्त झालं समजायचं."

या एका वाक्याने मला जेवढं सांभाळलं तेवढं कुठल्या गोळीने नाही. सकाळी गुडघा फार गोड बोलतो. वाटतं, आज रामकुंडापर्यंत जाऊन यावं. खरं काय ते संध्याकाळी कळतं. सहाव्या आठवड्यात काठी सुटली तेव्हा माझं सकाळचं माप सव्वापंधरा होतं आणि संध्याकाळचं सोळा. म्हणजे चालत होते मी, पण बरी झाले नव्हते. लोकांना काठी सुटलेली दिसते, टेप कोण बघतंय?

एक चूक सांगते, कारण ती घरोघरी होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनी आल्या होत्या. मायेने त्यांनी गुडघ्याखाली उशी सरकवली. काय आराम वाटला म्हणून सांगू! मग रोज रात्री ती उशी. दहा-बारा दिवसांनी फिजिओने पाय सपाट ठेवायला सांगितला तर गुडघ्याखालून तिचा हात आरपार जात होता. पाय पूर्ण सरळच होईना. "वाकवायची काळजी सगळे करतात, सरळ करायची कोणी करत नाही," म्हणत तिने उशी काढून टॉवेलची गुंडाळी केली आणि ती टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी. आता मांडी आवळा आणि गुडघा खाली गादीकडे दाबा, पाच मोजा, सोडा. दिसायला काहीच नाही, पण कपाळाला घाम यायचा. दिवसातून चार वेळा, तीन आठवडे. तेव्हा कुठे गुडघा गादीला टेकला. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली, सूज उतरायला. गुडघ्याखाली नको.

एकदा पोटरी दुखायला लागली. तिचंही माप घेतलं, तर उजवीपेक्षा पाऊण इंच जास्त. त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला, सकाळी सोनोग्राफी झाली. रक्ताची गुठळी नव्हती, पण फोन केला ते बरंच केलं म्हणाले. पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखम झिरपायला लागली किंवा दम लागला तर मापं घेत बसू नका.

मशीनवर कधी बसले? चौथ्या आठवड्यात, मोटरवर, अर्धा तास, उजव्या पायाने. पायमशीनवर मात्र दहाव्या आठवड्यात. पहिल्या दिवशी पायडल टाचेकडून दाबलं की डावा गुडघा अडखळायचा आणि दोरा तुटायचा. पंधरा दिवसांत दोघांची लय जमली. फिजिओचं म्हणणं, सायकलऐवजी हेच करा. स्कूटी आठव्या आठवड्यात, डॉक्टरांना विचारून. जिन्याचा नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पहिले दोन महिने मी पुटपुटत जिना उतरायचे, शेजारच्यांना वाटायचं स्तोत्र म्हणतेय.

चालण्यापेक्षा उभं राहणं वाईट, हे कळलं कामदा एकादशीला. रामाचा रथ निघतो त्या दिवशी. ऑपरेशनला तीन महिने होत आले होते, चालायला काही वाटत नव्हतं, म्हणून गर्दीत तासभर उभी राहिले. आधी ओट्यावर बसून बघायचे, यंदा म्हटलं बसायचं कशाला? संध्याकाळी पावणेसतरा! दुसऱ्या सकाळी सोळा. तिसऱ्या सकाळी कुठे साडेपंधरावर आलं. दोन दिवस बर्फाच्या पिशवीशी गप्पा. गुडघा रागावला होता, मोडला नव्हता, एवढं समजायला मला वही लागली.

आज वर्ष झालंय. सकाळी पावणेपंधरा. उजव्यापेक्षा दोन सूत जास्त, आणि तेवढं बहुतेक राहणार. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर आहे. कापताना त्वचेची बारीक नस जाते, असं डॉक्टर म्हणाले. बोट फिरवलं की मध्ये अस्तर असल्यासारखं वाटतं. आता त्याची सवय झाली.

सगळ्यात अवघड उत्तर मांडीचं. "मांडी घालता येते का?" हे विचारताना बायका आवाज खाली आणतात. गुडघा वाकतो भरपूर. पलंगावर मांडी घालते, थोडा वेळ. जमिनीवर बसू शकते, पण उठताना गुडघ्यावर भार देऊन टेकावं लागतं, आणि टेकलं की आत काहीतरी परकं आहे हे जाणवतं. दुखत नाही, नकोसं वाटतं. डॉक्टरांनीही उकिडवं बसणं आणि जमिनीवरचं काम टाळा म्हणून सांगितलंय. तीस वर्षं मी कापड जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर रांगत कापत आले. आता सुताराकडून कमरेएवढ्या उंचीचं टेबल करून घेतलंय. हे वीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर, असं रोज वाटतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुलींना मी जमिनीवर कापूच देत नाही. त्या कुरकुरतात, टेबलावर हात भरून येतात म्हणे.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नात पाटावरची पंगत होती. सगळ्याजणी बसल्या. मी वाढप्याला सरळ खुर्ची मागितली. त्याने आणली, आणि पलीकडच्या तिघींनी लगेच त्याला हाक मारून आपल्यालाही मागवल्या.