आमची वाटचाल : दर दोन तासांनी एक कूस

अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणं हा आमचा व्यवसाय. अंग पुसणं, कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, भरवणं, लघवीची पिशवी, डायपर, आणि शेवट आलाच तर देह धुऊन नीट करणं. इंजेक्शन आम्ही देत नाही, जखमेचं ड्रेसिंग परिचारिकेकडे. मदतनीस पुरवणारे पुष्कळ आहेत. आम्ही हे काम हाती घेतलं ते पुनरुत्थानावरच्या, म्हणजे येशू मरणातून देहासह उठला यावरच्या, विश्वासातून. तो विश्वास कामाच्या कुठल्या पायरीवर नेमका काय बदल करतो, ते इथे मांडतो आहोत.

येशूचं थडगं रिकामं होतं, ही शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांची, साक्ष. आत्मा सुटला आणि देह मागे टाकला, असं तिथे घडलं नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. देह ही देवाने टाकून दिलेली वस्तू नाही, असं आम्ही त्यातून समजलो. जो देह आता सुधारणार नाही, त्यालाही हे लागू आहे.

डॉक्टर एके दिवशी सांगतात, "आता करण्यासारखं काही राहिलं नाही." तिथून घरातल्यांचे आणि मदतनिसांचेही हात सैल पडू लागतात. एक कूस चुकते, तोंड पुसायचं राहतं, चादर उद्या बदलू म्हणतात. यात दुष्टपणा नसतो. उपयोग काय, हा प्रश्न मनात शिरलेला असतो. आमचा पहिला नियम याच दिवसासाठी आहे : डॉक्टरांच्या त्या वाक्यानंतर तक्त्यातलं एकही काम सहज गळणार नाही. कमी करायचं तर फक्त रुग्णाला त्रास होतो म्हणून, आणि कारण लिहून.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सगळा पुनरुत्थानावर आहे. त्याच्या शेवटी पौल सांगतो की प्रभूमधले तुमचे श्रम फुकट जात नाहीत. आणि लगेच पुढे, सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला, वर्गणीचा विषय : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले. मूळ पत्रात मरणावरचा विजय आणि दर आठवड्याचा हिशेब यांच्या मध्ये काहीच नाही. आमचा कूस-तक्ता आम्ही त्याच रांगेत धरतो. आशा वेळापत्रकात उतरली नाही तर रात्री दोन वाजता ती कुणाच्याच कामाची नसते.

आता तक्ता. स्वतःहून हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. चांगली हवेची गादी असेल आणि त्वचा टिकून असेल तर परिचारिकेला विचारून हे अंतर तीन-चार तासांपर्यंत नेता येतं. गादी आली म्हणजे कूस बदलायची गरज संपली, असं समजणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. हाड आणि अंथरूण यांच्यात त्वचा दाबली जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि आतलं मांस वरच्या कातडीच्या आधी मरायला लागतं. म्हणूनच शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणारी जखम, वरून रुपयाएवढा दिसला तरी आत बराच पसरलेला असू शकतो.

पूर्ण आडव्या कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. त्यासाठी सुमारे ३० अंशांचाच कल द्यायचा. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक, आणि पोटऱ्यांखाली एक अशी की टाचा हवेत राहतील. टाचेखालून हात सहज सरकला पाहिजे, हीच तपासणी. डोक्याकडची बाजू एरवी ३० अंशांहून जास्त उचलून ठेवायची नाही. जास्त उचलली की माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे जातं. माकडहाडावरच्या जखमा बहुधा अशा ओढीतून सुरू होतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. कमरेखाली आडवी चादर घालायची, दोघांनी दोन बाजूंनी तिची गुंडाळी धरायची, आणि एका आवाजात तीन म्हणत उचलून सरकवायचं. खाट मदतनिसाच्या कमरेएवढी उंच हवी. तशी नसेल तर काही महिन्यांत त्याचीच पाठ जाते आणि मग अंथरुणाला दोघं खिळतात.

प्रत्येक कुशीला त्वचा बघायची : माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, कानाची पाळी. लाल डाग दिसला तर त्यावर बोटाने काही सेकंद दाबायचं. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर सध्या ठीक, त्या बाजूवर काही तास झोपवायचं नाही. लालच राहिला तर ती जखमेची पहिली पायरी. सावळ्या त्वचेवर हा लालपणा दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीने ती जागा गरम लागते का ते पाहायचं, बोटाने कडकपणा किंवा मऊपणा पाहायचा, आणि माणूस कण्हतो का ते ऐकायचं. लाल झालेल्या जागी मालिश करायची नाही. रक्त खेळावं म्हणून घरची माणसं प्रेमाने चोळतात आणि आतल्या दुखावलेल्या रक्तवाहिन्या आणखी फाटतात. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही नको. तिच्या कडेचा दाब चारी बाजूंनी रक्त अडवतो.

या सगळ्याची नोंद तक्त्यावर : वेळ, कूस डावी की उजवी की पाठ, त्वचेची स्थिती, सही. सुरुवातीचे आमचे तक्ते कामाचे नव्हते. सकाळी एका बसणीत सगळे रकाने भरलेले असायचे, एकाच पेनाने, एकाच अक्षरात. आता तक्ता खाटेच्या पायथ्याशी टांगलेला असतो, पेन त्याला बांधलेलं असतं, आणि राहून गेलेली कूस "राहिली" असं लिहिलं तर पगार कापला जात नाही. खोटी भरली तर मात्र काम जातं. हा बदल केल्यावर खऱ्या अडचणी दिसू लागल्या. पहाटे दोन ते पाचच्या कुशी सर्वांत जास्त चुकत होत्या, म्हणून रात्रपाळीला घड्याळाचा गजर आणि आठवड्याची पक्की सुट्टी आली.

अंग पुसण्याचं थोडक्यात सांगतो. पाणी ४० अंशांच्या आसपास, मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद लागेल असं. आधी डोळे, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कापडाचा नवा कोपरा. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ, आणि जांघा व गुप्तांग सर्वांत शेवटी, नवं पाणी आणि वेगळं कापड घेऊन. स्त्रियांना पुढून मागे. पुसायचा तेवढाच भाग उघडा, बाकी अंगावर चादर. काखा, स्तनाखालची घडी, जांघेची घडी टिपून कोरडी करायची, घासायची नाही. अब्रू झाकणं हे यातलं अर्धं काम आहे आणि घाईत तेच आधी सुटतं.

तोंडाकडे जास्त वेळ द्यायला लागतो. आम्हाला वाटतं, शुश्रूषा खरी की दाखवण्यापुरती, हे तोंड उघडून पाहिलं की कळतं. जिभेवर पांढरा थर, टाळूला चिकटलेला कोरडा कफ, कवळीखाली अडकलेलं अन्न. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, मध्ये मध्ये ओल्या स्पंजाने जीभ, हिरड्या आणि गालांची आतली बाजू. माणूस शुद्धीत नसेल तर त्याला कुशीवर घेऊनच, पाणी अगदी थोडं, नाहीतर ते श्वासनलिकेत जातं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना पेट्रोलियम जेली नको, पाण्यात विरघळणारं मलम लावायचं.

भरवताना शक्य तितकं ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आणि गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसेपर्यंत दुसरा चमचा नाही. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास बसलेलं राहू द्यायचं. ठसका कळतो, पण जेवताना आवाज ओलसर, घरघरल्यासारखा झाला तर तीही धोक्याची खूण आहे. भरवणं थांबवून डॉक्टरांना कळवायचं. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली, आणि दोनतृतीयांश भरायच्या आत रिकामी.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात साथ आली, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी रोग्यांची सेवा केली, मेलेल्यांचे डोळे मिटले, देह धुतले आणि त्यातले बरेच स्वतः गेले, असं तिथल्या डायोनिसियस बिशपांनी लिहून ठेवलं आहे. हे वाचून काही नव्या मदतनिसांना हातमोजे घालणं भित्रेपणाचं वाटतं. तसं नाही. त्या लोकांना रोग कसा पसरतो ते ठाऊक नव्हतं, आपल्याला आहे. साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुणं हे शेजाऱ्यावरचं प्रेमच आहे. तो शेजारी म्हणजे पुढच्या घरातला रुग्ण.

आमच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत आजार लिहीत नाहीत. या माणसाला कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, ते लिहितात. थडग्याजवळच्या बागेत येशूची शिष्या मग्दालिया मरियेने उठलेल्या प्रभूला माळी समजलं. त्याने नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखलं. डायपर बदलण्याआधी नाव घ्यायचं, काय करणार ते सांगायचं, आणि उत्तर येत नसलं तरी क्षणभर थांबायचं. बेशुद्ध माणसाच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोलायचं नाही.

प्रार्थनेचा प्रश्न नेहमी येतो. आमचे रुग्ण सगळ्या धर्मांचे, काही कुठल्याच धर्माचे नाहीत. नियम सरळ आहे : मागितल्याशिवाय प्रार्थना नाही, उपदेश नाही, पत्रक नाही. नको असलेल्या बोलण्यापासून धडधाकट माणूस उठून जाऊ शकतो, खाटेवरचा जाऊ शकत नाही. त्याच्या असहायतेचा फायदा घेऊन सांगितलेली सुवार्ता सुवार्ता राहत नाही. कुणी मागितलं तर मात्र हात धुऊन, जवळ बसून, लहानशी प्रार्थना करतो. कुटुंबाला त्यांच्या धर्माचा कुणी हवा असेल तर वेळ ठरवून देतो आणि खोली आवरून ठेवतो.

पैशांबद्दलही लिहायला हवं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं म्हटलं आहे. या व्यवसायात ती बरीच ओरडते. कुटुंबाकडून येणारी रक्कम आणि मदतनिसाच्या हातात पडणारी रक्कम, दोन्ही आकडे आम्ही करारावर शेजारी शेजारी छापतो. पगार ठरलेल्या तारखेला, कुटुंबाकडून यायचे राहिले असले तरी. करारात कामांची यादी असते. घरभर झाडलोट आणि पाहुण्यांचा स्वयंपाक तीत नाही, कारण त्या वेळेतच कूस चुकते.

शेवटच्या दिवसांत तक्ता बदलतो. भूक जाते, ती जाऊ द्यायची. बळेच पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं, तोंड ओलं ठेवणं पुरतं. श्वास कधी भराभर, कधी बराच वेळ थांबलेला. घशातली घरघर ऐकणाऱ्यांना फार छळते, रुग्णाला तितकी जाणवत नसावी. किंचित कुशीवर वळवलं की बहुधा ती कमी होते. कूस आता त्याला सुसह्य होईल तेव्हा, आणि आधी वेदनेचं औषध देऊन. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचं ठिकाण) उघडणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि श्रद्धेने ख्रिस्ती होत्या. वेदनेचं औषध दुखणं परतण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायचं, आणि वेदना एकट्या शरीराची नसते, मनाची, नात्यांची, आत्म्याचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं. औषधाची वेळ टळली तर मदतनिसाने वाट न पाहता फोन करायचा.

मृत्यू झाल्यावर आधी डॉक्टरांकडून खात्री आणि दाखला. मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असेल तर देह धुवायचा नाही, नळ्या काढायच्या नाहीत. एरवी काही तासांतच अंग ताठ होऊ लागतं, जबड्यापासून सुरुवात होते, त्यामुळे डोळे मिटणं, कवळी बसवणं, डोक्याखाली उशी, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी, हातपाय सरळ करणं, हे आधी. मग कोमट पाण्याने तीच अंघोळ, त्याच क्रमाने, तेवढाच भाग उघडा ठेवून. वळवताना छातीतली हवा बाहेर पडून कण्हल्यासारखा आवाज येतो, नव्या माणसाला हे आधीच सांगायचं. घरच्यांना हात लावायचा असेल तर ओलं कापड त्यांच्या हातात द्यायचं. येशूचा अनुयायी निकदेम याने त्याला पुरताना देहासाठी सुमारे तीस किलोहून अधिक सुगंधी द्रव्यं आणली होती. पहाटे थडग्याकडे गेलेल्या स्त्रियाही मेलेल्या देहाचं राहिलेलं काम पुरं करायलाच निघाल्या होत्या. थडग्याच्या तोंडावरची धोंड कोण सरकवणार, याची सोय त्यांच्याकडे नव्हती, तरी निघाल्या.

उठलेला प्रभू ४० दिवस शिष्यांना भेटत राहिला. आम्हीही तेवढे दिवस त्या घराशी संबंध ठेवतो : तिसऱ्या दिवशी फोन, उरलेली औषधं औषधविक्रेत्याकडे परत पोचवणं, घरच्या ज्या माणसाने रात्री जागवल्या त्याची झोप आणि जेवण विचारणं. खाट आणि गादी कधी न्यायची, ते घरच्यांनी सांगायचं, आम्ही घाई करत नाही. न्यायला दोघं जातात. एकजण खाट उकलतो, दुसरा घरच्यांजवळ बसतो.