साडेदहा ज्यूलचा हिशेब

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलने, सहली, मैदानावरच्या कवायती असे पुष्कळ काही आठवेल असे वाटले होते. प्रत्यक्षात लिहायला बसलो आणि विज्ञानाच्या सरांखेरीज दुसरे काही सुचेना. आमच्या तुकडीत ‘सर’ म्हटले की तेच.

नववीत सरांनी प्रयोगशाळेत दोन मीटर लांबीची सागवानी फळी एका टोकाला एक मीटर उचलून उतरण केली होती. दोन किलोचा लाकडी ठोकळा वरून सोडायचा, खाली पोहोचण्याचा वेळ मोजायचा आणि ऊर्जेचा हिशेब मांडायचा. वरच्या टोकाला स्थितिज ऊर्जा 19.6 ज्यूल, वेळेची सरासरी 1.33 सेकंद, म्हणजे तळाशी वेग सेकंदाला 3 मीटर आणि गतिज ऊर्जा अवघी 9 ज्यूल. साडेदहा ज्यूल कमी पडत होते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पाठ होता, त्यामुळे चूक माझ्या मोजणीतच असणार असे समजून मी वहीतला वेळ खोडला, 0.9 सेकंद लिहिला आणि हिशेब तंतोतंत जुळवला.

सरांनी वही पाहिली, पण ते रागावले नाहीत. खिशातून एक नाणे काढून त्यांनी ते फळीवर जोरजोरात घासले आणि माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवले. चटका बसला. “तू खोडलेस ते हे,” एवढेच ते म्हणाले. मग ठोकळा का तापला नाही, असे मी विचारल्यावर त्यांनी मलाच फळ्यापाशी उभे केले. 4.18 ज्यूल म्हणजे एक कॅलरी, तेव्हा साडेदहा ज्यूलच्या जेमतेम अडीच कॅलरी होतात. त्या दोन किलो लाकडात जिरल्या, तर तापमान वाढणार एका अंशाच्या सुमारे तीनशेव्या भागाने. हाताला ते कळणे शक्यच नव्हते. नाणे मात्र हलके, आणि घासणे पुन्हा पुन्हा झालेले. त्या दिवशी मधली सुट्टी संपली तरी सरांनी मला सोडले नाही, आणि मलाही जावेसे वाटले नाही.

आज अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी अवजड वाहनांच्या ब्रेक लायनरच्या, म्हणजे चाकाच्या ड्रमवर घासून गाडी थांबवणाऱ्या अस्तराच्या, चाचण्या घेतो. सोळा टनांचा ट्रक इगतपुरीहून कसाऱ्याकडे सुमारे 300 मीटर खाली उतरतो तेव्हा चालक वेग वाढू देत नाही, म्हणजे गतिज ऊर्जा तेवढीच राहते आणि सुमारे 470 लाख ज्यूल स्थितिज ऊर्जेला उष्णता होण्यावाचून गत्यंतर नसते. तेवढ्या उष्णतेत 140 लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये सोडली, तर बहुतेक सगळी उष्णता ड्रम आणि लायनरमध्ये साठते, तापलेल्या लायनरची पकड सुटत जाते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. नव्या चालकांना हे सांगताना मी अजूनही नाणे घासून त्यांच्या मनगटाला लावतो. त्याच घाटातल्या रेल्वेमार्गाचा चढ 37 फुटांना एक फूट आहे; तिथून उतरताना आधुनिक विद्युत इंजिने मोटारींकडूनच वीज निर्माण करून ती वरच्या तारेत परत देतात. सरांना हे सांगायला हवे होते. ते असेपर्यंत मी गेलो नाही, याची खंत आता मिटणारी नाही.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेत संगणक आले आहेत आणि पडद्यावरच्या उतरणीवर घर्षण शून्य करता येते. मुले ते शून्य करतात, 19.6 ला 19.6 मिळतात आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतात. मला ते पाहवले नाही. ती सागवानी फळी कुठे अडगळीत पडली असेल, तर तिची डागडुजी मी स्वतः येऊन करून देईन. टाकून देण्याआधी मला एकदा कळवावे, एवढी शाळेला विनंती आहे.