नऊ दिवस, तीन देश आणि दोनदा मोजलेला तास

"रजा नऊ दिवसांची, परतीची तारीख इकडची तिकडे होणार नाही. केनिया, टांझानिया आणि गोरिला, एवढं बसवून द्या." मी आफ्रिकेतल्या सफारी आखून देते. असा फोन आला की मी म्हणते, एक देश गाळा. मग तो प्रश्न येतोच: "तुम्ही दर वेळी एक देश का कापता हो? लोक जातातच की."

जातात. जाऊन येतात आणि फोटोही झकास आणतात. तरी तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते, म्हणजे फोनवर तुटक बोलल्याचा ठपका नको. बिग फाइव्ह म्हणजे कोण, लेन्स कोणती, कपडे कुठल्या रंगाचे, हे तुम्ही माझ्याहून जास्त वाचलेलं असतं. ते सोडते.

पहिलं भांडण दिवसांच्या हिशेबाशी. नऊ दिवस म्हणजे आठ रात्री. त्यातली एक विमानात जाते, बऱ्याचदा दोन. सफारीत दिवस मोजायचाच नसतो, फेऱ्या मोजायच्या असतात. एक पहाटेची, सहाला गाडी निघते ती. दुसरी चारनंतरची, अंधार पडेपर्यंत. दुपारी जनावरं सावलीत पडलेली असतात आणि माणसंही. नऊ दिवसांत अशा दहा फेऱ्या हाती लागल्या तर खूप झालं. सीमा ओलांडायचा दिवस त्यातल्या दोन खातो, नशीब चांगलं असेल तर एक.

"पण केनियाचं मारा अभयारण्य आणि टांझानियाचं सेरेंगेटी उद्यान तर एकमेकांना चिकटलेत!" नकाशावर चिकटलेत. गवतही तेच आहे. सँड रिव्हरपाशी दोन्हींच्या मधोमध वाटही आहे. पण १९७७मध्ये दोन्ही देशांची सीमा बंद झाली, १९८३मध्ये उघडली, आणि ही एक वाट मात्र पर्यटकांना पुन्हा मिळाली नाही. विल्डेबीस्ट (हरणांच्या कुळातले, कळपानं फिरणारे प्राणी) पासपोर्टाशिवाय पलीकडे जातात. तुम्हाला पश्चिमेकडून इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो. एका खिडकीवर केनियातून निघाल्याचा शिक्का, दुसऱ्या खिडकीवर टांझानियात आल्याचा, मध्ये पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं कार्ड दाखवायचं. तोवर चार दिवस तुमच्या सवयीचा झालेला ड्रायव्हर बॅगा उतरवून परत फिरतो. केनियाची सफारी गाडी टांझानियाच्या उद्यानात चालत नाही. पलीकडची गाडी वेळेवर आली असेल तर ठीक. नसेल तर धुळीत बॅगांवर बसायचं.

विमानानं जा म्हणाल, तर तेही ऐका. माराच्या धावपट्टीवरून छोटं विमान मिगोरीला. तिथून गाडीनं नाक्यावर. पायी पलीकडे. पुन्हा गाडीनं टारिमेला. तिथून दुसरं छोटं विमान सेरेंगेटीला. वजन माणशी १५ किलो, त्यात कॅमेऱ्याची बॅगही धरलेली, आणि बॅग मऊच हवी, कारण विमानाच्या पोटातल्या कप्प्यात चाकांची कडक सूटकेस शिरत नाही. एवढी चढउतार कशासाठी? जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदी ओलांडणारे कळप उत्तर सेरेंगेटीतल्या कोगाटेंडेहूनही दिसतात. नदी एकच आहे. फेब्रुवारीत जाणार असाल तर कळप दक्षिणेला न्डुटूच्या बाजूला वितात, तेव्हा माराला सिंह-चित्ते असतात पण कळपांचा तो पूर नसतो. म्हणजे तुमच्या रजेचा महिनाच एक देश निवडून देतो. मी कापत नाही.

हे वाक्य मला फार आवडायचं. "मी कापत नाही, महिना कापतो." आता लिहिताना जाणवतं की ते जरा जास्तच गुळगुळीत आहे. कारण गोरिलांच्या बाबतीत महिन्यानं काही कापलं नव्हतं. तिथे गोंधळ माझा होता.

बहीण-भाऊ होते. आई ३४ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होणार होती, सोमवारी दुपारी चारला कचेरीत निरोप समारंभ, आणि त्याआधीचे नऊ दिवस दोघांची रजा जुळून आलेली. केनियातलं मारा आणि युगांडातलं गोरिलांचं जंगल ब्विंडी, असे दोन देश. परतीचं विमान किगालीहून, म्हणजे रवांडा तिसरा. गोरिलांचं परमिट तारखेचं असतं. एका कुटुंबामागे दिवसाला आठच माणसं, आणि तारीख चुकली तर पैसे गेले. गुरुवारची परमिटं संपलेली होती, शनिवारची होती. शनिवार म्हणजे सहलीचा शेवटचा दिवस. मला तेव्हा ते उलट बरंच वाटलं. सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी यावी, अशी मला खोड होती. विमान शनिवारी संध्याकाळी साडेसातला, काउंटर साडेसहाला बंद. रविवारी घरी, सोमवारी समारंभ. कागदावर देखणं दिसत होतं.

ब्विंडीत चार ठिकाणांहून चढाई सुरू होते: बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो. परमिट त्यातल्या एकाचंच असतं, आणि मुक्काम भलत्याच बाजूला घेतला तर पहाटे अंधारात काही तास डोंगरवाट तुडवावी लागते. ती चूक मी केली नव्हती. परमिट रुशागाचं, मुक्कामही रुशागाचा. हे सांगते, कारण पुढची चूक करणारी बाई अगदीच अजाण नव्हती.

परतीची वाट रुशागाहून किसोरो, चानिकाचा सीमानाका, मुसांझे आणि किगाली. नाक्यासकट पाच तास धरले होते. युगांडाचं घड्याळ रवांडाच्या एक तास पुढे. आठला सुरुवात, पाच तासांत जंगलातून परत, म्हणजे दुपारी एक. त्यात पाच मिळवले की सहा. रवांडाच्या घड्याळात पाच. काउंटर बंद व्हायला दीड तास शिल्लक. बरोबर? माझ्या तक्त्यात "किगाली विमानतळ" या ओळीत पाच लिहिलेले होते, म्हणजे तास वजा झालेला होता. खाली बेरजेच्या ओळीत मी तो पुन्हा वजा केला. शिल्लक अडीच तास. वर माझ्या अक्षरात टीप: "रवांडाचं घड्याळ मागे असल्यानं एक तास मिळतो, घाई करू नये."

त्या दिवशी गोरिलांचं कुटुंब पलीकडच्या कड्यावर गेलेलं होतं. ट्रॅकर पहाटेच पुढे जातात, आदल्या रात्रीच्या घरट्यांपासून माग काढतात आणि वायरलेसवरून गाइडला कळवतात. माग लागतो, पण तो चालत गाठायचा असतो. कुटुंब दिसलं १२ वाजून १० मिनिटांनी. गोरिलांपाशी एक तास मिळतो, तो त्यांनी पूर्ण घेतला, आणि का घेऊ नये? परतून तळावर आले २ वाजून १० मिनिटांनी. तिथून गाडी लगेच सुटली असती तर सव्वासात म्हणा, म्हणजे किगालीच्या घड्याळात सव्वासहा. पोचले असते. पण कागदावर अडीच तास शिल्लक होते आणि घाई करू नका असंही लिहिलेलं होतं. त्यांनी बूट धुतले, डबा खाल्ला, हमालांना बक्षिसी दिली, प्रमाणपत्रं वाटायचा छोटा कार्यक्रम असतो तो पुरा होऊ दिला. ४० मिनिटं. गाडी सुटली २ वाजून ५० मिनिटांनी. रस्त्यात काही बिघडलं नाही, नाक्यावर रांग नव्हती, माझे पाच तास अगदी चोख निघाले. विमानतळावर ६ वाजून ५० मिनिटं. काउंटर बंद होऊन वीस मिनिटं झाली होती.

पुढच्या विमानात जागा मिळाली, पण जोडविमान सोमवारचं. घरी पोचले सोमवारी रात्री. समारंभ त्यांनी वाटेतल्या विमानतळावरून फोनवर पाहिला. मला कुणी ओरडलं नाही. बहिणीनं फक्त तक्त्याचा फोटो पाठवला, खालच्या ओळीभोवती गोल करून.

बराच काळ मी स्वतःशी असा वाद घालत होते: दोष जंगलाचा. गोरिलांची चढाई दोन तासांतही संपते आणि आठ तासांतही, हे परमिट घेणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेलं असतं. मी पाच धरले, ते काही वेडेपणाचं नव्हतं. मग दुसरी बाजू: चढाई किती तास चालेल हे ठाऊक नसताना तिच्या पुढे त्याच दिवशी विमान लावणं हाच वेडेपणा. तास दोनदा मोजला नसता तर? शिल्लक दीड तास दिसला असता. आणि खरं सांगू का, दीड तास बघूनही मी ती सहल मंजूर केली असती. फक्त ती टीप लिहिली नसती. बूट न धुता ते निघाले असते आणि पोचले असते, आणि मी आजही गोरिला शेवटच्या दिवशीच लावत बसले असते. तेव्हा त्या चुकीला शिव्या घालाव्यात की तिचे आभार मानावेत, हे मला अजून ठरवता येत नाही. समारंभ माझ्या आईचा नव्हता, म्हणून आभार मानणं सोपं आहे, हेही कळतं.

आता काय करते ते विचाराल. आखणी मागून पुढे करते. आधी न हलणारी तारीख लिहिते, तिच्यामागे एक अख्खा रिकामा दिवस घरी, त्यामागे विमानतळाच्या शहरात एक रिकामी रात्र. ही रात्र कुणालाच आवडत नाही. "किगालीत रात्र घालवून काय करायचं?" काही नाही. जेवायचं, झोपायचं. उरलेल्या दिवसांत तारखेचं परमिट मधोमध ठेवते. शेवटी नाही, आणि पहिल्या दिवशीही नाही, कारण येणारं विमान रखडलं किंवा बॅग मागे राहिली तर परमिट तसंच वाया जातं. सर्दी-खोकला असेल तर गोरिलांपाशी सोडत नाहीत, म्हणून विमानातल्या एसीनंतर एखादी रात्र गेलेली बरी. वेळांचे रकाने दोन केलेत, युगांडाचा वेगळा, रवांडाचा वेगळा. आणि केनिया-टांझानियात ड्रायव्हर "सा म्बिली" म्हणाला तर आता पुन्हा विचारते. स्वाहिलीत दोन वाजले असं ते म्हणतात, पण तास सकाळच्या सहापासून मोजतात, म्हणजे आपले आठ.

पैशाचंही बोलून टाकते, कारण तिथेही माझ्यावर आरोप आहे. गोरिलाचं परमिट युगांडात ८०० डॉलर, रवांडात १५००. मी रवांडा सुचवते तेव्हा लोकांना वाटतं महागडं गळ्यात मारते. पण किगाली ते किनिगी (रवांडातली चढाई सुरू होते ते गाव) चांगला डांबरी रस्ता आहे, अडीच तास, मध्ये नाका नाही, घड्याळ बदलत नाही. सातशे डॉलर जास्त देऊन तुम्ही एक सीमा आणि बहुधा दीड दिवस विकत घेता. रजा तीन आठवड्यांची असेल तर युगांडाला जा, मी स्वतः सांगेन. नऊ दिवसांत सातशे डॉलर वाचवणारा माणूस माराला एक दिवस कमी राहतो, आणि तो दिवस काही फुकट नसतो: तिथे जुलै ते डिसेंबर १२ तासांच्या तिकिटाचे माणशी २०० डॉलर घेतात.

लसीबद्दल एकच. पिवळ्या तापाची लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. एकदा घेतली की २०१६पासून ती आयुष्यभर चालते. निघायच्या आठवड्यात टोचून घेणाऱ्यांचं कार्ड नाक्यावर तारीख बघून परत केलं जातं, आणि परतताना तुमचा स्वतःचा देशही ते मागू शकतो. पूर्व आफ्रिकेचा एकत्र व्हिसा १०० डॉलरचा आहे, त्यात केनिया, युगांडा, रवांडा येतात. टांझानिया येत नाही. हे दर आठवड्याला एकदा तरी सांगते.

आणि मी देश कापतेच, असंही नाही. ज्यांना खरोखर देशांची संख्याच हवी असते, आणि त्यात लाज काही नाही, त्यांना मी दक्षिणेला झांबेझी नदीकडे पाठवते. व्हिक्टोरिया फॉल्स ते बोत्स्वानातलं कसाने ८० किलोमीटरच्या आसपास. झिम्बाब्वेत धबधबा, बोत्स्वानात चोबे उद्यानाचे हत्ती, आणि २०२१मध्ये खुल्या झालेल्या काझुंगुलाच्या पुलावरून झांबिया. तीन शिक्के, आणि नाका ओलांडूनही संध्याकाळची फेरी हाती राहते. फक्त झांबिया-झिम्बाब्वेचा ५० डॉलरचा जोडव्हिसा बोत्स्वानाच्या दिवसभराच्या फेरीलाच धरतो. तिथे रात्र काढलीत तर तो संपला असं समजा.

मागच्या महिन्यात एका जोडप्यानं माझं ऐकलं नाही. शनिवारी गोरिला, त्याच संध्याकाळी किगालीचं विमान, सोमवारी नवी नोकरी. मी लेखी कळवलं की मी याला हो म्हणत नाही. ते गेले, वेळेत विमानात बसले, आणि खिडकीतून काढलेल्या फोटोखाली लिहिलं, "उगाच घाबरवलंत." मी उत्तर दिलं नाही. त्यांच्या गाइडला विचारलं, जंगलातून बाहेर किती वाजता आले? पावणेअकराला.