आमची वाटचाल : आधी पोराचं माप, मग बंदूक

नागपूरच्या महाल भागातलं आमचं दुकान बाबांच्या काळात शिलाई मशीन दुरुस्तीचं होतं. एअरगन तिथे आल्या त्या जत्रेवाल्यांमुळे. रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावणारे लोक सीझनआधी आपल्या बंदुका घेऊन यायचे. कुणाचं वॉशर फाटलेलं, कुणाची स्प्रिंग बसलेली. बाबा चामड्याचं वॉशर हाताने कापून, तेलात मुरवून बसवत. फक्त स्टॉलवाल्यांची एक ताकीद ठरलेली असायची, "भाऊ, बाकी काहीबी करा, माशीले हात नका लावू." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट. गिऱ्हाईकाचा फुगा सहज फुटू नये म्हणून ती मुद्दाम वाकवलेली असायची!

विक्री सुरू झाली २००८ नंतर. अभिनव बिंद्राने बीजिंगला १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण घेतलं आणि आईबाप पोरांना घेऊन दुकानात यायला लागले. २०२४ मध्ये पॅरिसहून मनू भाकर आणि आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पदकं आणल्यावर पुन्हा तेच. कुसाळेचं पदक ५० मीटरचं, ती एअरगनच नव्हे. पण त्या गर्दीत हे ऐकतो कोण?

येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं : "भाऊ, सगळ्यात पॉवरवाली दाखवा." मग आम्ही चहा मागवतो, कारण समजावायला वेळ लागतो. ४.५ मिलिमीटर नळी आणि २० जूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही, हे लोकांना ठाऊक असतं, म्हणून सगळ्यांचा डोळा त्या २० वर. प्रत्यक्षात १० मीटरच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलची ताकद साडेसात-आठ जूलच्या आसपास असते. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, समोर कागद, आणि रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे जोर काय कामाचा? छर्रे एकाच भोकात जातात की नाही, एवढंच बघायचं.

ते बघायला दुकानामागे १० मीटरची बोळ केली आहे. बंदूक शिकंज्यात धरून चपट्या तोंडाच्या छर्ऱ्यांचे पाच-पाच शॉट घेतो, दोन-तीन ब्रँड बदलून. एकाच नळीला एक छर्रा मानवतो आणि दुसरा पसरतो, हे समोर कागदावर दिसल्याशिवाय कुणी मानत नाही. तो कागद बंदुकीसोबत देतो. स्प्रिंगची बंदूक असेल तर छर्रा भरायला नळी जिथे वाकवतात त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून एक शॉट मारतो. पट्टी फडफडली की सील हवा सोडतंय. ही परीक्षा कुठल्याही दुकानात करता येते, मागून घ्या.

नवशिक्यासाठी आम्ही साधी स्प्रिंगची देतो, पण ती मागेपुढे दोन्हीकडे झटका देते हे सांगूनच. घट्ट आवळली की नेम फिरतो, तळहातावर सैल ठेवायची. त्याच उलट्या झटक्याने साध्या दुर्बिणी खिळखिळ्या होतात. आणि पोराला स्पर्धा खेळायची असेल तर दुर्बीण घ्यायचीच कशाला? तिथे चालत नाही. शालेय स्पर्धांत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक भोकातून नेम) असे वेगळे प्रकार असतात, कोचला विचारून मग साइट घ्या.

पीसीपी, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी बंदूक, घ्यायची वेळ येते तेव्हा आधी पोराला उभं करून दस्ता खांद्याला लावून बघतो. स्पर्धेच्या नियमात रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण म्हणून काही बारीक पोराच्या हातात साडेपाच किलो द्यायचे नसतात. दस्ता लांब पडला की पोरगं कंबर मोडून उभं राहतं, आणि ती सवय पुढे कुठलाच कोच लवकर सोडवू शकत नाही.

फाइनवेर्कबाऊ किंवा वॉल्थर या जर्मन कंपन्यांची जुनी रायफल स्वस्तात मिळतेय म्हणून लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. मी नळीचा नाही, सिलिंडरवरच्या तारखेचा फोटो मागतो. हवेच्या सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं, त्यानंतर स्पर्धेत चालत नाही. नवीन सिलिंडरचा खर्च धरला की स्वस्ताई बरीच उतरते. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. हे मी बिलावरही लिहून देतो.

काटोल-नरखेडकडून बागाईतदार येतात, पेरूवरचे पोपट आणि संत्र्यावरची माकडं हाकलायला बंदूक मागतात. त्यांचं नुकसान खरं आहे, पण त्या कामाला आम्ही देत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि बाबांनीही कधी दिली नाही. काही जण रागावून जातात, जाऊ दे.

आता विक्रीपेक्षा सर्व्हिसिंग जास्त आहे. सील आम्ही हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर करून घेतो, चामडं फक्त जुन्या बंदुकांना. जत्रेवाले अजून येतात, त्यांची माशी अजून तशीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी असते, तेव्हा फोन करून या आणि पोराला सोबत आणा. त्याच्याशिवाय दस्ता मापता येत नाही.