डाव्या मनगटावरचे सात टाके

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, रिमोटवरचं हेलिकॉप्टर घेतलं. साडेचारशे साइज, सेकंडहँड. रविवारी येऊ का उडवायला?"

"उडवायला की शिकायला?"

"तेच ते."

तेच ते नाही, हे त्याला फोनवर समजावण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, ये. पण शनिवारी ये, आणि आधी टेबलावर ठेवू.

मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये तेवीस वर्षं काढलीत. आमच्याकडे लेथवर नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला एकच गोष्ट घोकायला लावतात: चकची, म्हणजे काम पकडणाऱ्या फिरत्या जबड्याची, चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. एकदा का चावी तशीच राहिली आणि मशीन चालू झालं, की ती गोळीसारखी सुटते. हातमोजे नाहीत, अंगठी नाही, फुल बाह्या नाहीत. हे सगळं माझ्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे आठ वर्षांपूर्वी पहिलं हेली घेतलं तेव्हा माझी समजूत अशी, की फिरत्या वस्तूशी कसं वागायचं ते मला कुणी सांगायची गरज नाही. त्या समजुतीची किंमत डाव्या मनगटावर आहे. सात टाके.

आता साडेचारशे म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण दिसायला ते खेळणंच दिसतं. बॅटरीसकट वजन पाऊण किलोच्या आसपास. मुख्य पातं ३२५ मिलिमीटरचं, म्हणजे शाळेतल्या फुटपट्टीहून थोडंसंच लांब. अशी दोन पाती मिनिटाला साधारण २,६०० फेरे घेतात. घरातला सीलिंग फॅन फुल स्पीडला साडेतीनशेच्या आसपास घेतो. टोकाचा वेग काढला तर ताशी ३५० किलोमीटर भरतो. पातं जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचं, पण त्या फेऱ्यांवर ते आपल्या बोल्टला चाळीस किलोच्या जोराने बाहेर ओढत असतं. एका बोल्टला सिमेंटचं जवळजवळ अख्खं पोतं टांगलंय असं समजा. शेपटीचा छोटा पंखा तर त्याच्या सव्वाचारपट फिरतो, म्हणजे ११,००० च्या घरात. त्या वेगाला तो डोळ्याला दिसतच नाही, फक्त हवेत एक धुरकट चकती दिसते. आणि हे सगळ्यात लहान 'खऱ्या' हेलींपैकी एक. सातशे साइजचं पाहिलंत तर पात्याची टोकं दीड मीटरच्या वर पसरलेली असतात.

माझा अपघात आकाशात झाला नाही. जेवणाच्या टेबलावर झाला.

पात्यांचा पिच, म्हणजे कलण्याचा कोन, लावत होतो. पात्यावर तो मोजणारा पिच गेज चढवलेला, बॅटरी जोडलेली, डावा हात रोटर हेडपाशी, म्हणजे पाती जिथे जोडतात तिथे, उजव्या हातात रिमोट. रिमोटवर 'थ्रॉटल होल्ड' नावाचा एक खटका असतो. तो पाडला की मोटर बंद, पण पात्यांचा कल बदलणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो, हलतात, म्हणून रिमोटची काठी मध्यावर ठेवून पिच मोजता येतो. मला पुढचं माप 'आयडल अप' या उलटं उडायच्या मोडमध्ये घ्यायचं होतं. त्याचा खटका होल्डच्या शेजारीच. नजर गेजवर, बोट खटक्यावर. चुकीचा खटका वर केला. होल्ड सुटला, काठी मध्यावर होतीच, आणि स्पीड कंट्रोलरमधला सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे मोटर हळूहळू वेगात आणायची सोय, मी आधी विमानासाठी बंद करून ठेवला होता तो तसाच. मोटरने एका दमात पाती ओढली.

आवाज आठवतो. 'टक' असा एकच, पेन्सिल मोडावी तसा. गेज समोरच्या भिंतीवर जाऊन आपटला. लाकडी पात्याच्या चिरफाळ्या ओट्यापर्यंत उडाल्या. त्यातली एक दोन महिन्यांनी तांदळाच्या डब्यामागे सापडली. मनगट आधी दुखलंच नाही. नुसतं गरम वाटलं. मग खाली बघितलं. शीर वाचली, तेवढं नशीब.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, कशाने लागलं? मी म्हटलं, हेलिकॉप्टर. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "मॅडम, खरं सांगतायत ते. तुम्ही शिवा."

चूक खटक्याची नव्हतीच. टेबलावर काम करताना मोटरच्या तीन वायरी काढून ठेवायच्या, एवढाच नियम होता. बुलेट कनेक्टर असतात, ओढले की निघतात. वायरी काढल्यावर सर्व्होंना करंट मिळतो, रिमोट चालतो, सेटिंग सगळं होतं, फक्त मोटर फिरू शकत नाही. दहा सेकंदांचं काम. चकची चावी ती हीच, पण मला ती ओळखू आली नाही.

तर शनिवारी भाचा आला. पठ्ठ्याने डबा उघडला आणि थेट बॅटरी काढून जोडायला घेतली. "रिमोट चालू आहे?" नव्हता. आधी रिमोट, काठी पूर्ण खाली, होल्ड पाडलेला, रिमोटच्या पडद्यावर बरोबर मॉडेलचं नाव, आणि मग हेलीची बॅटरी. बंद करताना उलटं: आधी हेलीची बॅटरी, शेवटी रिमोट. मॉडेलचं नाव सगळे विसरतात. रिमोटच्या मेमरीत विमान निवडलेलं असेल आणि समोर हेली असेल, तर कुठली काठी काय हलवेल याचा नेम नाही.

मग वायरी काढून मशीन उघडलं. विकणाऱ्याने "एकदम ओके कंडिशन" सांगितलं होतं. फेदरिंग शाफ्ट, म्हणजे दोन्ही पाती ज्यावर बसतात तो हेडमधला आडवा दांडा, काचेवर गडगडवला तर डुगडुगला, म्हणजे एकदा तरी जोरात आपटलंय. पात्याच्या मुळाशी झगझगीत लाल स्टिकर होता. मला अशा ठिकाणी स्टिकर आवडत नाही. नखाने सोलला तर खाली केसाएवढी चीर, बोल्टच्या भोकापासून निघून पाव इंच पुढे गेलेली. चाळीस किलोचा हिशेब आठवा. मी ते पातं तिथेच गुडघ्यावर मोडलं.

"अरे मामा! फेव्हिक्विक लावला असता की!"

मोडलं ते त्याचसाठी. खराब पातं अख्खं ठेवलं तर कधीतरी, कुणीतरी, एका फ्लाइटपुरतं लावतंच. भाचा तासभर फुगून बसला होता. मामीने पोहे दिल्यावर निवळला.

हेडमधले लोखंडात जाणारे सगळे स्क्रू काढून स्क्रू ढिले होऊ न देणारं निळं लॉकटाइट लावून परत बसवले. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. करायचं.

जिथे नवखे नक्की मार खातात ते म्हणजे आयडल अप. साध्या मोडमध्ये काठी खाली आणली की मोटर मंदावते, बंद होते. ड्रोन किंवा स्वस्तातली डबल पंख्याची हेली उडवलेल्या माणसाच्या बोटांना हेच माहीत असतं: घाबरलास की काठी खाली. पण आयडल अप उलटं उडण्यासाठी असतं. त्यात काठी खाली नेली तर मोटर थांबत नाही, पूर्ण वेगातच राहते, आणि पाती उणे पिच घेऊन मशीनला जमिनीकडे रेटतात. घाबरून वाचवायला जावं आणि आपणच खिळ्यासारखं ठोकून द्यावं, असा तो प्रकार. म्हणून मी भाच्याच्या रिमोटमधून आयडल अप काढूनच टाकला आणि त्याला होल्डचं बोट शिकवलं. सोफ्यावर बसून टीव्ही बघताना मी मध्येच "होल्ड!" ओरडायचो आणि त्याने न बघता खटका पाडायचा. पहिल्यांदा त्याने बघितलं. विसाव्या वेळेला नाही बघितलं. सिम्युलेटरही लावून दिला. नाक आपल्याकडे करून हेली स्थिर धरता येईपर्यंत तिथेच पाडत बस म्हटलं. तिथे डावं-उजवं उलटं होतं आणि मेंदूचा अक्षरशः भुगा होतो. पण त्या पडण्याला पैसे लागत नाहीत आणि टाकेही.

"पण मी शिकल्यावर तर काही होणार नाही ना?" असं त्याने विचारलं. मी त्याला २०१३ ची न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची गोष्ट सांगितली. सप्टेंबर महिना, तिथलं कॅल्व्हर्ट व्हॉक्स पार्क, एकोणीस वर्षांचा मुलगा. नवखा नव्हता, कसरती करणारा सराईत होता. स्वतःच्याच हेलीचं पातं लागून तो गेला. भाचा अठराचा आहे. पुढे काही बोलला नाही.

तीन आठवड्यांनी रानात गेलो. भोसरीला लोहगाव विमानतळ जवळ, त्यामुळे ड्रोन नियम २०२१ आल्यापासून कुठे उडवता येईल ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशातले रंग बघूनच मी जागा ठरवतो. चाकणच्या पुढे ओळखीच्या तात्यांचं कापणी झालेलं वावर आहे. हेलीला खाली आडव्या काड्या आणि टोकाला चेंडू असलेला ट्रेनिंग गिअर बांधला, म्हणजे कलंडत नाही. हेलीपासून आम्ही उभं राहायची पंधरा पावलं मी स्वतः मोजली. बॅटरी जोडणं, जायरो (शेपटी स्थिर धरणारा सेन्सर) शांत होईपर्यंत हात न लावणं, शेपटी उजवीकडे ढकलली तर पंखा तिला परत आणायला बघतोय ना, हे सगळं होल्डमध्येच.

आणि पोरं आली. आपल्याकडे वावरात काहीही गुणगुणलं की पोरं येतात. "लांबून बघा रे" म्हटल्याने कुणी लांब जात नाही, हा माझा आठ वर्षांचा अनुभव. त्याहून वाईट म्हणजे हेली पडलं की ती काटलेल्या पतंगासारखी त्याच्यावर झेपावतात, आणि पडलेल्या हेलीची मोटर गवतात अडकून अजून जोर लावत असते. म्हणून मी खिशात सुतळी ठेवतो. सगळ्यात वांड दिसणारा पोरगा हेरायचा, सुतळी जमिनीवर आडवी टाकायची आणि त्याला सांगायचं, हिच्या पुढे कुणी आलं तर जबाबदार तू. नववीतला असेल तो. त्याने दोघांना लगेच कॉलर धरून मागे ओढलं.

बॅटऱ्यांचं एवढंच: फुगलेली लिपो, म्हणजे हेलीची लिथियम पॉलिमर बॅटरी, वापरायची नाही, आणि चार्जिंग गॅलरीत, वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत, आपण समोर बसून.

भाच्याने होल्ड सोडला. पाती फिरली, मशीन थरथरलं, आणि गुडघ्याएवढं उचललं. तिथे ते स्वतःच्याच वाऱ्यात डगमगतं, म्हणून मी म्हटलं, "अजून वर, कमरेपर्यंत." गेलं. चाळीस सेकंद. डावीकडे सरकलं, परत आणलं. मग खाली, जरा आपटूनच, पण चारही चेंडूंवर. "होल्ड!" मी म्हणायच्या आत त्याने पाडला होता.

आणि रिमोट गळ्यात टाकून पळत सुटला हेलीकडे.

मी ओरडणार तेवढ्यात सुतळीवरचा पोरगा त्याच्या आडवा झाला, दोन्ही हात पसरून. "ओ दादा, कुठं निघालाय? अजून फिरतंय ते."