मैदानातली काठी आणि सर्वांत लहान दिवस

पुण्यातल्या आपल्या शाळेच्या मागच्या मैदानात, सिमेंटच्या कोब्यावर, एक मीटर उंचीचा लोखंडी पाईप उभा असायचा. भूगोलाच्या तासाला आम्ही सावली मोजायचो ती त्याचीच. सुवर्णमहोत्सवी वर्षात तो पुन्हा उभा करायचा विचार आहे असे कळले, म्हणून या स्मरणिकेत त्या काठीविषयीच लिहितो.

सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरचा, हे सगळ्यांना पाठ असते. मग त्याच दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवत असेल आणि सर्वांत लवकर मावळत असेल, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. पुण्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाला तीन-चार मिनिटे कमी असताना होतो. सर्वांत उशिराचा सूर्योदय थेट जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, सातला दहा मिनिटे होऊन गेल्यावर. 21 डिसेंबर या दोहोंच्या मध्ये येतो. त्या दिवशी उजेड सुमारे 11 तास 1 मिनिट; 21 जूनला 13 तास 14 मिनिटे.

असे का होते ते काठी दाखवते. सावली सर्वांत आखूड होते तो खरा मध्यान्ह. पुणे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून साडेआठ अंशांहून जास्त पश्चिमेला असल्याने आपला मध्यान्ह सरासरी 12:35 ला होतो, पण तो रोज त्याच मिनिटाला होत नाही. डिसेंबरअखेर एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत 24 तास आणि वर जवळपास 30 सेकंद लागतात. पृथ्वी तेव्हा सूर्याच्या सर्वांत जवळ येत असते आणि वेगाने पुढे सरकते, हे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण तिच्या कललेल्या आसाचे: अयनबिंदूपाशी, म्हणजे सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, सूर्याचे सरकणे विषुववृत्ताला समांतर होते, त्यामुळे ते सगळे पूर्वेकडे मोजले जाते. मध्यान्ह रोज अर्धा मिनिट पुढे जातो आणि दिवसाची लांबी मात्र जवळपास थांबलेली असते. मग सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही उशिराच होणार. संक्रांतीपर्यंत दिवस सातएक मिनिटांनी वाढलेला असतो, पण ही सगळी वाढ संध्याकाळच्या टोकाला असते. सकाळ उलट आणखी उशिरा उजाडते. तिळातिळाने दिवस मोठा होतो म्हणतात ते खरे आहे, फक्त तो तीळ सकाळी शोधू नये.

आता काठी उभारणाऱ्यांसाठी. पाईप ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा, कोबा पाणसळीने. काठी एक अंश कलली तरी सावलीचे टोक 17 मिलिमीटर सरकते, आणि डिसेंबरात सर्वांत लहान दिवसाच्या आधीच्या किंवा नंतरच्या दहा दिवसांत मध्यान्हाची सावली बदलते तीच मुळी सुमारे 12 मिलिमीटर! एवढ्याशा चुकीत सगळा बदल बुडून जातो. सावलीचे टोक पुसट दिसते हा दुसरा त्रास. सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे हिवाळ्यात सावलीची कड दीड सेंटिमीटरभर विरलेली असते. यावर उपाय सोपा आहे. वर पत्र्याची आडवी चकती बसवा, तिला 5 मिलिमीटरचे भोक पाडा, भोक बरोबर 100 सेंटिमीटर उंचीवर येऊ द्या. सावलीच्या मधोमध उजेडाचा गोल पडेल. त्याच्या मध्यावर खडूने खूण करा. अंतर पाईपच्या बुंध्यापासून मोजू नका, भोकातून ओळंबा सोडून तो टेकेल तिथून मोजा.

उत्तर दिशा होकायंत्रावरून घेऊ नका, शेजारचे लोखंड त्याला फसवते. ओळंब्याच्या त्या खुणेभोवती सुतळीने 110 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. डिसेंबरात उजेडाचा गोल अकराच्या सुमारास आत शिरतो आणि दोन वाजून गेल्यावर बाहेर पडतो. दोन्ही वेळी वर्तुळावर खूण करा. त्या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात असलेली उत्तर-दक्षिण.

21 डिसेंबरला मध्यान्हाचे अंतर 90 सेंटिमीटर भरेल, उत्तरेला. जूनमध्ये मात्र सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे गेलेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते, जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. ही उलटी सावली फार थोड्या मुलांनी पाहिलेली असते, कारण तेव्हा आभाळ भरलेले. 21 तारखेचाच हट्ट धरू नका. आठवडाभर अलीकडे-पलीकडे एखाद्या दुपारी ऊन पडले तरी फरक 3 मिलिमीटरच्या आसपास राहतो.

दोन्ही अंतरांवरून कोन काढा: 42 अंश उत्तरेला, 4.9 अंश दक्षिणेला. वजाबाकीचे अर्धे 18.5, म्हणजे पुण्याचे अक्षांश. बेरजेचे अर्धे सुमारे 23.4, म्हणजे पृथ्वीच्या आसाचा कल. दोन्ही आकडे शाळेच्या मैदानातून, खडू आणि सुतळीने मिळालेले.

नोंदवहीची सुरुवात डिसेंबरात नको, 15 नोव्हेंबरला करा आणि जानेवारीअखेरपर्यंत चालू ठेवा. रोज 12:10 पासून 12:55 पर्यंत दर पाच मिनिटांनी खूण, शेजारी घड्याळाची वेळ. घड्याळ मोबाइलवरून लावून घ्या. रविवारी खूण राहिली तरी चालेल, ती जागा कोरी ठेवा. अंदाजाने भरू नका.