बोरीकाठचं १६३ सीसी इंजिन: पोळ्यापासून आखाजीपर्यंतच्या (अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या) नोंदी

पोळा उलटल्यावर

मामांच्या शेततळ्यावरचं इंजिन ताब्यात घेतलं. गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीपासून जवळ. दोन इंची पंपाला जोडलेलं एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिन, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ४५, म्हणजे १६३ सीसी. रचना होंडा जीएक्स १६० ची, बनावट दुसऱ्या कुणाची. या रचनेवर काम करायला मला आवडतं, कारण तिची मापं कारागिरांना पाठ असतात आणि पॅकिंग, रिंगा, जेट यांसाठी फार वणवण करावी लागत नाही.

मागचा सगळा पावसाळा ते शेडमध्ये पडून होतं, टाकीत पेट्रोल तसंच. अशा इंजिनाची दोरी आधी ओढायची नाही. प्लगची कॅप काढून बाजूला बांधायची आणि ऑइलची काडी बघायची. इंजिन सपाट जागेवर ठेवायचं, काडी पुसायची, आटे न फिरवता नुसती टेकवायची आणि बाहेर काढायची. इथे ऑइल खुणेच्या वर चढलेलं होतं, पाण्यासारखं पातळ, आणि वास पेट्रोलचा.

ही खूण ओळखता यायलाच हवी. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि त्याची सुई पेट्रोलचा रस्ता बंद करते. सुईच्या टोकावर कचरा बसला किंवा टोक झिजलं की पेट्रोल थांबत नाही. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा राहिलेला असेल तर ते हळूहळू इनटेकमधून सिलिंडरमध्ये उतरतं, रिंगांच्या कडेने झिरपतं आणि खाली ऑइलात मिसळतं. ऑइल वाढलेलं दिसतं म्हणून माणूस निश्चिंत होतो, पण त्या ऑइलात धरून ठेवायची ताकद उरलेली नसते. या इंजिनात ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालचा चमचा ऑइल उडवतो आणि त्याच शिंतोड्यांवर बेअरिंग जगतं. पातळ ऑइलावर चालवलं तर रॉड जाम होणार. त्याहून वाईट म्हणजे ऑइलच्या चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि ती ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरच्या हवेच्या वाटेने, बाहेर येत राहते. म्हणून वाढलेल्या ऑइलाचं इंजिन चालू करायचं नाही. ऑइल पूर्ण काढायचं, आणि सुई दुरुस्त झाल्याशिवाय नवीन भरायचं नाही.

पेट्रोल काढायचं काम अंगणात केलं, चुलीपासून आणि गोठ्यातल्या दिव्यापासून लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, जमिनीलगत सरपटत खोलगट जागेत जाऊन बसते. त्यामुळे ‘चूल तर तिकडे आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. उतार कुठे आहे ते बघावं लागतं. शेडमध्ये तर हे काम नकोच.

कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाला पिवळसर चिकटा आणि पांढरट बुरशीसारखा थर. स्लो जेट, म्हणजे मंद गतीला पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, पूर्ण बंद. जेट तारेने खरवडायचा नाही, भोक मोठं झालं की मिश्रणाचं माप कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजत ठेवून हवा मारली, दोन्ही जेट मोकळे झाले. सुई आणि वाटीचं पॅकिंग नवीन. कॉकखालची गाळाची वाटी धुतली, तिच्यात पाण्याचे थेंब सापडले.

पाणी आलं कुठून, याचं उत्तर आजच्या पेट्रोलमध्ये आहे. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. पावसाळाभर अर्धी टाकी उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं. जीएक्स १६० च्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलची मुभा आहे, त्यापुढची नाही. आपल्याला पंपावर निवड नसते, म्हणून माझा नियम असा: काम असेल तेवढंच पेट्रोल आणायचं, आणि काम संपलं की टाकी व वाटी दोन्ही रिकामी करायची. पेट्रोलची जुनी रबरी नळी बोटाने दाबली तर भेगा दिसल्या. इथेनॉल सोसणारी नळी घातली, दोन्ही टोकांना क्लिप.

दिवाळीनंतर

कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्याकडे हवेत तंतू असतात, खाली काळ्या मातीचा फुफाटा. एअरकूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ही जोडी फार जाचते. दोरीचं झाकण काढलं तर फ्लायव्हीलच्या मागे, सिलिंडरच्या फिनींमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये), कापसाचे पुंजके आणि ऑइलात कालवलेली माती असा जाड थर. बाहेरून इंजिन स्वच्छ दिसत होतं. फ्लायव्हीलचीच पाती पंख्याचं काम करतात आणि झाकण ती हवा फिनींवर वळवतं. फिनी बुजल्या की सिलिंडर एका बाजूने जास्त तापतो, हेडचं पॅकिंग जातं. आणि कापूस सायलेन्सरला चिकटला तर काय होईल ते कपाशीच्या गावात समजावून सांगायला नको. आपल्या भागात कापसाच्या हंगामात हे झाकण पुस्तिकेपेक्षा बऱ्याच लवकर उघडावं, असं माझं ठाम मत आहे. एअर फिल्टरचंही तेच. पुस्तिका पन्नास तासांनी साफ करायला सांगते, आणि धूळ असेल तिथे त्याआधी. आपल्याकडे धूळ नाही असा महिना कोणता? फोम साबणाच्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा, स्वच्छ ऑइलात बुडवून पिळून बसवायचा. पेट्रोलने धुवायचा नाही.

ठिणगीची कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकातलं अंतर ०.४ मिलिमीटर ठेवलं. प्लग काळा होता, गॅप वाढलेली. नवीन प्लग गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या मधे ठेवून लावला. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवत न्यायचा, टेकला की पान्याने अर्धा आटा. ॲल्युमिनियमच्या हेडवर जोर दाखवायचा नाही.

ठिणगी बघण्याची आपली गावठी रीत म्हणजे प्लग काढून हेडला टेकवायचा आणि दोरी ओढायची. त्याच वेळी उघड्या भोकातून पेट्रोलचं मिश्रण फवाऱ्यासारखं बाहेर येतं, बरोबर ठिणगीसमोर. ही रीत सोडाच. स्पार्क टेस्टर स्वस्तात मिळतो. तो नसेल तर जुना प्लग कॅपला लावून भोकापासून लांब, दुसऱ्या बाजूच्या बोल्टवर टेकवावा, आणि हेडमधला प्लग जागेवरच राहू द्यावा.

संक्रांतीच्या सुमाराला

दोरी ओढताना दाब कमी लागत होता. हेड उतरवलं. सिलिंडर चांगला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर कार्बनचे ठिपके. ग्राइंडिंग पेस्ट लावून दोन्ही व्हॉल्व्ह हाताने घासले, सीटवर अखंड राखाडी रेघ येईपर्यंत. मग पेस्टचा कणही राहू न देता धुतलं. नवीन पॅकिंग, हेडचे बोल्ट तिरपे क्रमाने थोडे थोडे करून २४ न्यूटन-मीटर. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची मोकळीक, इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून: इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर. गव्हर्नरच्या, म्हणजे गती आवरणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगला हात लावला नाही. मामेभावाचं म्हणणं होतं, स्प्रिंग ताणली तर पाणी जोरात येईल. येईल, पण या इंजिनाची सर्वोच्च गती मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास राखलेली आहे. त्यापुढे रॉड आणि फ्लायव्हील यांचा भरवसा कुणी दिलेला नाही, आणि फ्लायव्हील फुटलं तर शेजारी उभ्या माणसाला वेळ मिळत नाही.

होळीच्या आसपास

पहिल्यांदा चालू केलं. साधारण ०.६ लिटर ऑइल बसतं, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. पुस्तिकेत सर्वसाधारण वापराला १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, म्हणून एसएई ३० ग्रेडचं भरलं. पंपात पाणी भरून घेतलं, कारण कोरड्या पंपाचं सील काही क्षणांत जळतं. कॉक उघडला, चोक बंद, रेस थोडी, स्विच चालू. दोरी आधी हळू ओढून दाब लागेपर्यंत नेली आणि मग झटका दिला. इंजिन बोललं. सुरुवातीला निळसर धूर, मग साफ. चोक हळूहळू उघडला. काय बरं वाटलं म्हणून सांगू! पडून राहिलेल्या यंत्राचा पहिला एकसारखा आवाज ऐकण्यासाठीच हे सगळं करावंसं वाटतं.

बंद करताना रेस कमी करून थोडा वेळ चालू द्यायचं, मग स्विच, मग कॉक. कॉक दर वेळी. सुई नवीन असली तरी.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून किमान पंधरा मिनिटं थांबायचं. उन्हात सायलेन्सर इतका तापलेला असतो की सांडलेल्या पेट्रोलला काडीची गरज नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, उन्हाने पेट्रोल फुगतं. डबा धातूचा, जमिनीवर ठेवलेला. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच नाही, घरात लेकरं असतात. आणि रॉकेल मिसळायचं नाही. आपल्या जुन्या पंपांची इंजिनं पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालत, पण त्यांचा दाब मुळात कमी ठेवलेला असे. या इंजिनात रॉकेल गेलं की ठोका येतो आणि न जळलेलं रॉकेल ऑइल पातळ करतं.

जागेचं एक सांगायचं राहिलं. शेततळ्याचा बांध उताराचा. शिंतोड्यांवर चालणारं इंजिन वीस अंशांपेक्षा जास्त कललं की चमचा ऑइलापर्यंत पोचत नाही. बांध थोडा कापून फरशीचा सपाट ओटा केला.

आखाजीच्या आधी

शेततळं आटत आलं आणि घरात विहिरीचा विषय निघाला. विहिरीचं पाणी पंचेचाळीस फुटांवर. मामेभाऊ म्हणाला, “खाले उतारी देऊत ना भाऊ, तासभरनं काम शे.”

तो असं का म्हणाला ते समजण्यासारखं आहे. सक्शन पाइपमध्ये पाणी पंप ओढत नाही. पंप आतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब अगदी निर्दोष पोकळीतही पाण्याला १०.३ मीटरच चढवू शकतो. प्रत्यक्षात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. इंजिन कितीही मोठं लावा, ही हद्द हलत नाही. वर ढकलायला मात्र तोच पंप बराच ताकदवान असतो. म्हणून माणसाच्या मनात येतं, इंजिनच पाण्याजवळ न्यावं. आणि पाणी खोल गेलेल्या गावांत याच विचाराने माणसं जातात.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. विहिरीत वारा नाही, त्यामुळे इंजिन बंद केल्यावरही तो खाली साचून राहतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि पायऱ्या चढायचं बळ त्याआधीच गेलेलं असतं. वरचा माणूस त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो.

मामांनी कंदील सोडून बघायचं सुचवलं. जाणत्या लोकांची ही रीत जुन्या विहिरीसाठी खरी आहे: ऑक्सिजन कमी असेल तर ज्योत मंदावते. पण जीव घेण्याइतका कार्बन मोनॉक्साइड हवेत असला तरी कंदील नीट जळत राहतो. हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मग नाहीच उतरवायचं.” विहिरीत माणूस पडलाच तर आपण उतरायचं नाही, १०८ किंवा ११२ ला फोन करायचा आणि श्वासाचं उपकरण असलेल्या पथकाची वाट बघायची, हेही त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना सांगितलं. मामींनी दोन्ही नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिले.

विहिरीत आता शेजाऱ्यांचा जुना सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा विजेचा पंप, उतरवलाय, शेतीच्या विजेच्या वेळेत चालतो. तो पाणी शेततळ्यात टाकतो आणि तिथून पुढे आपलं इंजिन भाजीला देतं. शेततळ्यात सक्शन दहा फुटांच्या आतच आहे, इंजिन निवांत चालतं.

पुढचं काम

वीस तास भरत आले की पहिलं ऑइल बदलायचं, त्यानंतर दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. काढलेलं ऑइल बांधावर न ओतता डब्यात साठवतोय. सक्शन पाइपच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हची जाळी गाळाने भरते, तिच्यासाठी घमेल्याएवढी तरंगती टोपली विणून घ्यायची आहे. पेरणीआधी टॅपेट पुन्हा मोजणार, घासलेले व्हॉल्व्ह थोडे बसलेले असतील. कुणी एसएई ३० वर संपूर्ण उन्हाळा काढला असेल तर काढलेल्या ऑइलाचा रंग आणि पातळपणा कसा होता ते कळवा, माझ्याशी ताडून बघायचंय.